टेरबोर्गबाईंची दोनशेची परीक्षा

आमच्या निम्म्या गावाने टेरबोर्गबाईंची बोलणी खाल्ली आहेत. उरलेलं निम्मं गाव सायकलवर हिंडतं. तीसेक वर्षं बाईंनी जर्मनीतल्या एम्सलँडच्या या सपाट मुलखात लोकांना गाडी शिकवली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. नवऱ्याला असा ब्रेक बसवून मिळत असेल तर बघू."

मी इन्सा, त्यांची शेजारीण. गावात केस कापते. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. मला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "तू चांगली चालवशील, पण आधी तोंड बंद ठेवायला शीक." गाडी मी शिकले. दुसरं काही जमलं नाही.

सत्तरी आली तेव्हा बाईंनी एक विलक्षण गोष्ट जाहीर केली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची परत परीक्षा घेत नाहीत. एकदा मिळालेलं लायसन वापरत राहावं, असाच रिवाज. बाईंना ते मंजूर नव्हतं. त्या म्हणाल्या, दर वाढदिवसानंतरच्या रविवारी मी स्वतःची परीक्षा देणार, तीही ऑटोबानवर, म्हणजे पुष्कळ ठिकाणी वेगाला बंधन नसलेल्या आमच्या महामार्गावर, ताशी दोनशे किलोमीटरने. एक जरी चूक झाली तरी त्याच जागी चावी देऊन टाकणार, कायमची. परीक्षक म्हणून त्यांनी हायको टेब्बेला नेमलं.

हायको दुधाचा टँकर चालवतो. अंगाने दांडगा, मनाने लोण्याचा गोळा. गाडी शिकताना बाईंनी त्याला तीनदा 'अजून तयार नाहीस' म्हणून परत पाठवलं होतं. आज चाळिशी उलटली तरी बाई समोर आल्या की तो टोपी काढतो. असला परीक्षक! आणि मी साक्षीदार, मागच्या सीटवर. मी एकटी असले की ट्रकच्या मागे नव्वदने जाते आणि त्यातच माझं समाधान असतं. पण या एका रविवारची मी वर्षभर वाट बघते, हे आधीच सांगून टाकते.

यंदा बाई चौऱ्याहत्तरच्या झाल्या. सकाळी नऊला मी त्यांच्या दारात गेले तेव्हा त्या राखाडी गाडीची काच आतून पुसत होत्या. बाहेरून ती केव्हाच पुसून झाली होती.

"झोप झाली का नीट?" मी विचारलं.

"ते मी तुला विचारायचं. पर्स आण इकडे."

"पर्स कशाला?"

"मागच्या डिकीत. छत्रीसुद्धा. दोनशेच्या वेगाला मी ब्रेक मारला की तुझी छत्री भाल्यासारखी माझ्या मानेत येईल. आणि कोट काढ. जाड कोटावरून पट्टा अंगाला लागत नाही, नुसता शोभेला राहतो."

"थंडी वाजते हो बाई!"

"हीटर आहे. माझ्याकडे दुसरी इन्सा नाही."

हायको चाकांशी उकिडवा बसून हवा बघत होता. हवा बघायची ती गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना, हे बाईंनी त्याला तीनदा परत पाठवतानाच शिकवलं असणार. त्याने वर बघून मान हलवली. मग बाईंनी आकाशाकडे बघितलं, झाडांच्या शेंड्यांकडे बघितलं. वारा नव्हता. रस्ता कोरडा होता. "नाहीतर पुढच्या रविवारी," असं त्या दरवर्षी म्हणतात आणि दोनदा खरोखरच त्यांनी परीक्षा पुढे ढकलली होती.

"बाई, पण दोनशेच का?" हायकोने नेहमीप्रमाणे विचारलं. "एकशेतीसनेच जा म्हणतात ना सगळे."

"म्हणतात ते बरोबरच आहे. त्याच्यावर गेलं आणि काही झालं, तर चूक दुसऱ्याची असली तरी थोडी आपल्या पदरात पडते. पण मला वेग आवडतो, हायको. आणि आवडतो म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास नाही. जे आवडतं तिथेच परीक्षा घ्यायची."

रविवारी ट्रकना बंदी असते, त्यामुळे एकतीस नंबरचा ऑटोबान मोकळा होता. दोन्हीकडे गायी, पवनचक्क्या आणि मग नुसतं आकाश. वेगमर्यादा संपल्याची ती गोल पाटी मागे गेली आणि बाईंनी पाय दाबला. एकशेचाळीस. एकशेसत्तर. दोनशे!

आता बाई कशा दिसतात ते सांगते. चेहऱ्यावर काही नाही. डोळे लांब, अगदी लांब, जिथे रस्ता आकाशाला टेकतो तिथे. दोन्ही हात स्टिअरिंगवर. आरसा, रस्ता, आरसा, रस्ता. पुढे एक लाल गाडी दिसली तेव्हा आम्हाला ती ठिपक्याएवढी होती, आणि बाईंनी पाय आधीच उचलला.

"का?" परीक्षकाने परीक्षकासारखं विचारलं.

"त्याच्यापुढे एक चाकांवरचं घर ओढणारी गाडी आहे. तिला ओलांडायला तो डावीकडे, आपल्यापुढे येणार. आरशात बघेल, मी लांब दिसेन, त्याला वाटेल भरपूर वेळ आहे. मला थांबायला जवळजवळ अर्धा किलोमीटर लागतो, हे त्याला कुठे ठाऊक?"

आणि लाल गाडी आलीच डावीकडे, इशारा न देता, खुशाल. हायकोने दाराचं हँडल धरलं. बाईंनी ना दिवे मारले, ना भोंगा. मागे शंभर मीटर अंतर ठेवून त्या निवांत आल्या. कडेचे पांढरे खांब दर पन्नास मीटरवर असतात. दोन खांबांचं अंतर मीही मोजलं. लाल गाडी उजवीकडे गेली, आम्ही पुढे गेलो आणि लगेच पुन्हा उजव्या बाजूला आलो. त्या माणसाने आतून हात केला. बाईंनी मान लववली.

"वा!" हायको ओरडला. "बाई, वा!"

"परीक्षकाने ओरडायचं नसतं."

पण पुढच्या मोकळ्या पट्ट्यावर पुन्हा दोनशे झाले आणि मला हसू फुटलं. कशाचं ते मलाही सांगता येणार नाही. रस्ता गाडीखाली ओढून घेतल्यासारखा येत होता. मी हसले म्हणून हायको हसला, हायकोचं ते दांडगं हसू ऐकून बाईंच्या तोंडाचा कोपराही हलला. एका बगळ्याला आम्ही मागे टाकलं, निदान हायकोचं तसं म्हणणं होतं. मी म्हणाले तो बगळा नव्हता, पिशवी होती. त्यावरून पुन्हा हसणं. मला तर आनंदाने रडूच यायला लागलं.

बाहेर पडायचं वळण आलं. बाईंनी वेळेवर वेग कमी केला, खांद्यावरून मागे बघितलं, सगळं जिथल्या तिथे. हायको माझ्याकडे वळून म्हणाला, "झालं! पास! आता बटरकेक!"

"तू स्वतः केलास का रे?" मी विचारलं.

"बायकोने. पण बदाम मी टाकले."

"म्हणजे अर्धे खाल्लेस."

बाईही हसत होत्या. गावात शिरलो, बालवाडीच्या गल्लीत वळलो. हायको तोंड मागे करून बदामांचा खुलासा करत होता. तेवढ्यात गाडीचा वेग उतरला आणि ती कडेला थांबली. बाईंनी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"बावन्न," बाई म्हणाल्या. "ही तीसची गल्ली आहे."

मग बाई शांतपणे, वर्गात सांगावं तसं सांगायला लागल्या. "दोनशेने गेल्यावर अंग खोटं बोलतं. पन्नास म्हणजे उभं राहिल्यासारखं वाटतं. म्हणून बाहेर पडल्यावर अंगाचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं. मी काटा वेळेवर बघितला नाही. मी हसत होते."

"बाई, कुणी बघितलं नाही!" हायको कळवळून म्हणाला. "मी परीक्षक आहे, मीच बघितलं नाही!"

"ते तर आणखी वाईट. तूही नापास. पण तुझी चावी तुझ्याकडे राहू दे, उद्या दूध कोण आणणार?"

"बाई, ऐका तरी. दोनशेला एक चूक नाही! आणि इथे बघा ना, एक माणूस आहे का रस्त्यावर? बालवाडी बंद आहे. रविवार आहे."

बाईंनी बालवाडीच्या फाटकाकडे बघितलं. त्यावर मुलांनी रंगवलेली माशांची रांग होती.

"मी काय रविवार बघून बावन्नने आले का?" त्या म्हणाल्या. "रस्ता मोकळा होता ते नशीब. ते माझं चालवणं नव्हतं."

मी म्हणाले, "बाई, अहो गावात दोनदा बस येते दिवसाला. तुम्ही करणार काय?" मला खरंच वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता त्या काट्याचा, त्या केकचा, माझ्या स्वतःच्या हसण्याचा.

"दोनदा येते ना? मग झालं." त्यांनी चावी काढली आणि तळहातावर धरली. "हायको, निकाल सांग."

"मी नाही सांगणार."

"तुला मी तीनदा 'तयार नाहीस' म्हणून सांगितलं होतं. मला काय बरं वाटत होतं? चौथ्यांदा तू आलास तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते, पोरगा आता तरी तयार असू दे म्हणून. सांग."

हायकोने टोपी काढली. एवढा थोराड माणूस, टोपी दोन्ही हातांत धरून गाडीत बसला होता. "टेरबोर्गबाई," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा सुरुवात केली, "टेरबोर्गबाई, तुम्ही नापास."

"शाबास," बाई म्हणाल्या, आणि चावी त्याला दिली.

त्या उतरल्या. मला वाटलं, आता त्या रडतील. त्यांनी मागचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "सरक गं तिकडे." स्वतःच्या गाडीत त्या मागे कधी बसल्याच नव्हत्या. पट्टा कुठे अडकवायचा ते त्यांना सापडेना. मी अडकवून दिला तर म्हणाल्या, "मऊ आहे की सीट. कुणी बोललं नाही मला."

हायकोने सीट मागे घेतली, तिन्ही आरसे लावले, खांद्यावरून बघितलं आणि गाडी काढली. घर दोन गल्ल्यांवर होतं. हायकोच्या रुंद पाठीमुळे मागून काटा दिसत नव्हता. बाईंनी एकदा डावीकडून मान काढून बघितलं, एकदा उजवीकडून.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीस, बाई."

बालवाडी मागे गेली. माझा हात त्यांनी कधी धरला ते मला कळलं नाही.

"किती?"

"तीस," हायको म्हणाला. "तीसच आहे, बाई."