हंड्याचा फोटो

जळगावात भांड्यांच्या दुकानात मी कढई घ्यायला गेले होते. तिथे एक आजी सासूचा पितळी हंडा मोडीत द्यायला आल्या होत्या. वजनाआधी त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

"बठ्ठं रवाळ शे," त्या पुटपुटल्या. फोटो सगळा दाणेदार आला होता; आत उजेडच कमी होता. हंडा त्यांनी उंबऱ्यावर उन्हात आणला, तर तो नुसताच चकाकला. मग आपला पातळ पदर माझ्या हाती देऊन त्यांनी उन्हाला आडोसा केला. प्रकाश मवाळ झाला, त्यांनी पुन्हा फोटो काढला आणि त्यात हंड्याचा पोचा उठून दिसला. मलाही हुरूप चढला.

"हा पोचा नवी नवरी असताना माझ्या हातून पडला. सासूबाई हसल्या होत्या. तो दिसला नाही, तर हंडा कुणाचाही."

हंडा तराजूवर ठेवून आजी दुकानातल्या प्रत्येकाला फोटो दाखवत सुटल्या.