ऑर्गनमधली मोहरी

हसणार असाल तर हातातला चहा आधी खाली ठेवा, नाकातून येईल. मी भूत उतरवायला गेले होते. होय, मीच! फुलपाड्यात पाण्याच्या टँकरपाशी माझ्यापुढे हंडा सरकवायची कुणाची छाती नाही, ती मी.

झालं काय, आमचे हे रिटायर झाले आणि दर शनिवार-रविवार अर्नाळ्याला जायला लागले. कुठे जाता? "बस्त्यावकडे." म्हणजे ह्यांचा तिथला जुना ख्रिस्ती दोस्त. कशाला? "असंच."

इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला "असंच" हे उत्तर चालतं का, तुम्हीच सांगा.

मग लक्षणं दिसायला लागली. जेवताना ताटाच्या काठावर ह्यांची बोटं नाचायची. डाळ गार होतेय, हे शून्यात. झोपेत पाय हलायचा, तोही एकटा डावा! डावा पाय गादीवर इकडून तिकडे चालतोय आणि उजवा ओंडक्यासारखा पडलेला. एकदा मी तो डावा धरून ठेवला, तर डोळे न उघडताच म्हणाले, "सोड. चुकतंय."

काय चुकतंय? कुणाचं चुकतंय? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

शेजारच्या मंदाला सांगितलं. ती आधीच घाबरट. पदर तोंडावर धरून म्हणाली, "ताई, हे किनाऱ्यावरचं आहे. आधी एक पाय धरतं."

"आणि मग?"

"मग दुसरा. आमच्या गावी एकाला लागलं होतं. शेवटी त्याला बायको ओळखू येईना."

म्हणजे ह्यांनी मला ओळखायचं नाही? मी काय अशी तशी विसरण्यासारखी बाई आहे? म्हटलं, माणूस हातचा जायच्या आत घरी आणायचा. पदराला मीठ, मोहरी, लाल मिरच्या बांधल्या आणि पुढच्याच शनिवारी, हे निघून गेल्यावर, शेअर रिक्षात बसून मागोमाग मी निघाले.

अर्नाळ्याला उतरले तर भर दुपारी आभाळ काळवंडलेलं. वारा पडलेला. वाळत घातलेल्या बोंबलांवर एक कावळा नाही. गल्लीत शिरले तर एका घरासमोर काळ्या कपड्यांतली माणसं गपचूप उभी. दाराशी मेणबत्त्या. मयताचं घर, एवढं मला कळलं. पण त्याच्याच भिंतीला भिंत लागून बस्त्यावचं घर! दारं बंद, पडदे ओढलेले.

ओट्यावर सुकट निवडत एक कोळीण बसली होती. तिला विचारलं, "इथे काय चालतं गं?"

"काय म्हायत, बाय. सकालपासून धा मानसं आत गेलीत. एक पन बाहेर आला नाय."

"करतात काय आत?"

"तेच तर. आवाजच नाय!" आणि तिने सुपासकट बूड माझ्यापासून लांब सरकवलं.

ओसरीवर चपलांचा ढीग होता. त्यात ह्यांच्या, मीच घेतलेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं.

आता जरा जवळ या, हे मोठ्याने सांगवत नाही.

आत भर दुपारी तिन्हीसांजा. ओळीने माणसं बसलेली. प्रत्येकापुढे एक लांबुळकी काळी पेटी, तिच्यावर लाल-हिरवे बारीक दिवे लुकलुकताहेत. सगळ्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांची बोटं नाचताहेत. आणि खाली सगळ्यांचे डावे पाय, फक्त डावे, इकडून तिकडे, इकडून तिकडे. आवाज शून्य! नुसती टक-टक-टक, पत्र्यावरून उंदीर पळावेत तशी. एक म्हातारी मान डोलावत हसत होती, कुणाकडेच न बघता. आणि कोपऱ्यात आमचे हे. गालांवरून पाणी वाहतंय.

तुम्ही म्हणाल, कानाला हेडफोन लावलेले दिसले नाहीत का? दिसले! आमचा नातूही लावतो. पण तो काय दहा जणांना घेऊन एक पाय नाचवत बसतो? आणि ती पेटी ऑर्गनसारखी दिसतेय, हेही कळलं मला. पण न वाजणारा ऑर्गन कुणी शहाणा माणूस वाजवतो का?

"अहो!" मी हाक मारली.

एकाचेही डोळे उघडले नाहीत.

"अहो, मी आलेय!"

ह्यांचे ओठ हलले. पण ओळख? काही नाही. मंदाचे शब्द आठवले. पण मी मागे हटणारी नाही. पदराची गाठ सोडली, सगळं मुठीत घेतलं, ह्यांच्यावरून ओवाळलं आणि ओरडले, "सोड त्यांना! जिथून आलास तिथे जा!" आणि मूठ भिरकावली. मीठ-मोहरी सगळ्या पेटीभर. तरी डोळे मिटलेलेच! मग मला दिसली ती काळी वायर, पेटीतून निघून थेट ह्यांच्या कानात गेलेली. म्हटलं, इथून शिरतंय ते! दोन्ही हातांनी धरून अशी हिसडली की पेटीतून उपटूनच आली.

आणि पेटी गरजली.

काय सांगू! घुमणारा, खर्जातला, छातीत शिरणारा आवाज. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी म्हटलं, झालं, सुटलं ते! मी सरळ टेबलाखाली.

"अगं, तू?" हे दचकून ओरडले. ओळखलं हो मला! पण फार उशिरा.

बस्त्याव धावत आला. "वैनी, काय केलंत! शेजारची म्हातारी गेली, मयत अजून घरात आहे, म्हणून आम्ही कानात ऐकत होतो! दर शनिवार-रविवार आम्ही ऑर्गनवाले जमतो, बाकी काय नाय!"

"मग डावा पाय?" मी टेबलाखालून विचारलं.

"खाली पट्ट्या असतात. खर्ज डाव्या पायाने वाजवतात."

"आणि रडत का होतात हो?"

"चाल सुंदर आहे म्हणून," हे म्हणाले. "तुला सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस, ह्या वयात कसला नाद."

म्हणालेच असते. त्यात काय खोटं?

तेवढ्यात दारात काळ्या कपड्यांतला उंचापुरा माणूस उभा. मयताच्या घरचा. सगळ्यांची तोंडं पांढरी पडली. "कोनी वाजवलं?" ह्यांनी शाळेतल्या पोरासारखं बोट वर केलं.

त्या माणसाचे डोळे भरले. "आईला ऑर्गन लय आवडायचा. मयताची पेटी उचलायला हात लावला आनि हे वाजलं. परत वाजवाल? ती जाईपर्यंत?"

हे वाजवायला बसले. आणि असं वाजवलं की मीसुद्धा डोळे पुसले. शेवटी दोन्ही हात उचलले. तर एक सूर थांबेचना! हात मांडीवर, पाय जमिनीवर आणि सूर चालूच, ऊंऊंऊं... बाहेर बायांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "आय बोलतेय," कुणीतरी म्हणालं.

मला दिसत होतं ना! पट्टीच्या फटीत माझी मोहरी अडकली होती, दाबलेली पट्टी वर येईना. मी सांगायला तोंड उघडलं, तोच ह्यांनी हात ठेवून ते बंद केलं. उभ्या संसारात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी बस्त्यावने तो ऑर्गन आमच्या घरी पाठवला. "मोहरीसकट ठेवा," म्हणाला. आता हे बटण दाबतात आणि बोट लावायच्या आधीच हॉलमध्ये ऊंऊंऊं सुरू.

परवा मंदाने ऐकलं. मुठीत मीठ-मोहरी घेऊन धावत आली. मी दार अडवलं. "खबरदार! मोहरी आत आणायची नाही!"

ती दोन पावलं मागे सरली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि किंचाळली, "अगं बाई, हिलाही धरलं!" आणि अख्खी मूठ माझ्या तोंडावर.

माझ्या मागे ऑर्गन उघडा होता. आता दोन सूर आपोआप वाजतात. हे म्हणतात, जोडी छान जमलीय.