हिरामण गुराखी वाघ झाला तेव्हा

नरेशशेठ फार मोठ्या मनाचा माणूस. ‘नोकर’ हा शब्द त्याला सहन होत नसे. शेलू आणि पोशीर या गावांच्या मधल्या त्याच्या फार्महाउसवर शनिवार-रविवारचे पाहुणे आले, की तो शेळ्यांच्या वाड्याकडे हात करून सांगायचा, “हे आमचे हिरामणकाका. घरचाच माणूस.” पाहुणे कौतुकाने मान हलवायचे. हिरामणही हलवायचा. एकदा घरचा माणूस म्हटलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं. घरच्या माणसाला सुट्टी कसली? घरचा माणूस पगाराची तारीख विचारतो का? आणि घरच्या शेळ्या रात्री घरच्या माणसाने नाही राखायच्या, तर कोणी राखायच्या?

हिरामण पोशीरचा. साठी उलटलेली. जन्मभर त्याने दुसऱ्यांचीच जनावरं राखली. आधी गावाची गुरं, आणि गावातली गुरं संपली तेव्हा शेठच्या शेळ्या. सोबत थोड्या मेंढ्याही होत्या. आपल्याकडचा पावसाळा मेंढ्यांना सोसत नाही. पण फोटोत त्या छान दिसतात.

वाडा मात्र पाहण्यासारखा होता. जमिनीपासून उंच, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून फटी ठेवलेल्या फळ्या, वर पंखे. प्रत्येक शेळीच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर आणि नंबरावर विमा. हिरामणच्या कानात बिल्ला नव्हता, त्यामुळे विमाही नव्हता. तो वाड्याला टेकून उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोपीत झोपायचा. पंख्याचा वारा तिथवर पोचत नसे, पण आवाज पोचायचा. तेवढंही काही कमी नाही.

मागच्या पावसाळ्यात शेळ्यांसाठी उंबराचे डहाळे तोडताना तो फांदीवरून खाली आला. खांदा सुजला. नशीब बलवत्तर म्हणून त्याच दिवशी शेळ्यांना लस टोचायला डॉक्टर आले होते. जाता जाता त्यांनी हिरामणलाही एक मलम दिलं. डबीवर गायीचं चित्र होतं. गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. तो घरी पडून राहिला त्या दिवसांचे खाडे शेठने पगारातून कापले. हिशोबात घरचा-बाहेरचा असा भेद करणारा तो माणूसच नव्हे.

हिरामणला फार काही नको होतं. रात्री आपल्या घरी झोपावं, आठवड्यातून एक दिवस शेळीचं तोंड पाहू नये, आणि खाडा न कापता ठरल्या तारखेला मजुरी मिळावी. हे सगळं तो शेळ्यांपुढे कितीदा तरी बोलून दाखवत असे. शेळ्यांची हरकत नव्हती. शेठ समोर आला की मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

“मंग इचारलंत का?” चंद्राबाई, त्याची बायको, दुपारी भाकर घेऊन वाड्यावर आली की विचारायची.

“इचारनार हाय.”

“कवा? मी मेल्यावर? तवा तर सुट्टी द्यावीच लागंल त्याला.”

“पाहुने हायत गं.”

“पाहुन्यांनी काय तुमची जीभ नेली का भाजायला?”

हिरामण भाकर खात राहायचा. बायकोचं बोलणं खरं असलं की माणसाला जास्त भूक लागते.

असंच चाललं असतं. पण दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली. पोशीरच्या वरच्या अंगाला, जिथे झाडी सुरू होते तिथे, वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. त्या दिवशी गुराख्यांनी घरोघरचे तांदूळ-गूळ मागून आणायचे, दगडापाशी खीर शिजवायची. कुणीतरी एक वाघ होतो, अंगावर राखेचे आणि चुन्याचे पट्टे ओढून. गुराखी काठ्या घेऊन त्याच्यामागे धावतात, त्याला धरून वाघोबापुढे उभा करतात आणि तीनदा विचारतात, “येशील का रं परत आमच्या शेरडांकडं?” वाघ तीनदा म्हणतो, “नाय येनार.” हा शब्द खुद्द देवापुढे दिलेला असतो, तो मोडत नाहीत. वाघ जंगलात उरलेलाच नाही, हा भाग वेगळा. बिबट्या येतो, पण त्याच्याकडून कुणी शब्द घेतलेला नाही.

यंदा शेठची बायको समीक्षा हिने वाघबारशीची जाहिरात मोबाइलवर टाकली. खीर, वाघ आणि जेवण, सगळं एकाच तिकिटात. पाहुणे भरभरून आले. वाघ व्हायला नेरळचा एक पोरगा ठरवला होता. त्याला ऐन वेळी कुठल्या तरी दुकानाच्या उद्‌घाटनाला माकड व्हायचं जास्त पैशांचं काम मिळालं. गावात वाघ व्हायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तरणी पोरं गोदामांत आणि हॉटेलांत लागलेली. शेठने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याला घरचा माणूस दिसला.

वाघोबाची पूजा करणारा म्हातारा धाऊ मध्ये पडला. “नरेश, गुराखी कदी वाघ होत नाय रं. वाघ भाईरचा लागतो. गुराख्यालाच हाकललास तर शेरडं राखायची कोनी?”

“धाऊबाबा, गंमत आहे हो सगळी,” शेठ म्हणाला. “आणि काका नाही म्हणणार नाहीत.”

काका नाही म्हणाले नाहीत. समीक्षाने स्वतःच्या हाताने त्याच्या गालावर चुन्याच्या मिशा काढल्या. पाहुणे काठ्या घेऊन धावले. एका हौशी गृहस्थाने तर नेमका दुखरा खांदा शोधून काढला. मग हिरामणला दगडापुढे उभं केलं. शेठने माइक हातात घेतला. “येशील का रे परत माझ्या शेळ्यांकडे?”

“नाय येनार,” हिरामण पुटपुटला.

शेठने दुसऱ्यांदा विचारलं. हिरामणने दुसऱ्यांदा सांगितलं, आणि त्याला जाणवलं की शेठ समोर उभा असूनही जीभ मोकळी चालते आहे. तिसऱ्यांदा तो असा ओरडला, की खालच्या भातखाचरातले बगळे उडाले.

टाळ्या पडल्या. पाहुणे जेवायला गेले. संध्याकाळी हिरामणने शेळ्या वाड्यात घातल्या, कडी लावली, चुना-राख धुतली आणि खोपीत न शिरता तो थेट घरी गेला.

सकाळी पाय सवयीने उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

“आज जायाचं नाय?” चंद्राबाईने विचारलं.

“नाय.”

“खांदा दुखतोय?”

“दुखतोय, पन त्यासाठी नाय. देवापुढं शब्द दिलाय मी. तीनदा.”

 चंद्राबाईने चहात साखर जास्त घातली. हिरामणची वाघोबावर श्रद्धा होतीच. पण ती इतकी कडक आहे, हे त्याला स्वतःलाही त्या दिवशीच कळलं.

ऊन चढायच्या आत शेठची गाडी दारात आली.

“काका, अहो शेळ्या ओरडताहेत! पाहुणे झोपेतून उठले.”

“मला यायला नाय जमनार, शेठ. शब्द हाय.”

“ते नाटक होतं!”

“वाघोबापुढं नाटक?” चंद्राबाई उंबऱ्यात येऊन म्हणाली. “शेठ, हळू बोला. देव जवळच हाय.”

“मावशी, घरच्या माणसाने असं करायचं?”

“आज घरचा मानूस घरीच हाय की. तुमी कशाला येवढं मनाला लावून घेता?”

शेठ गेला आणि स्वतःच शेळ्या घेऊन निघाला. रस्ता ओलांडून होतो न होतो तोच सगळ्या शेळ्या शेजारच्या नामाच्या पिकलेल्या भातात. नामा विळा घेऊन बांधावर आला. “शेठ, तुज्या शेळ्यांचा विमा हाय. माज्या भाताचा कोन भरनार?” मेंढ्या तेवढ्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. त्यांना कुणीतरी फोटो काढील असं वाटलं असावं.

मग शेठ दुसरा गुराखी शोधायला फिरला. पोशीरमध्ये जो तो हेच सांगे, की ज्या वाड्याचा गुराखी वाघोबापुढे हाकलला, तिथे पाऊल कोण टाकील? लोकांना देवाची भीती होतीच. त्यांनी हिरामणची खोप पाहिली होती, त्यामुळे भीती जास्तच वाढली.

शेवटी शेठ धाऊकडे गेला. धाऊने पान जुळवलं, खाल्लं, मग सांगितलं, “वाघाचा शब्द परत घेता येत नाय. पन नवा गुराखी ठेवता येतो. पयली रीत हाय ती. दगडापुढं, चार मानसांत, काय ठरायचं ते मोठ्यांदी ठरायचं. हिरामनला ठेव, पन नवा म्हनून ठेव.”

“म्हणजे त्यालाच विचारायचं?”

“त्यालाच. आन त्यानं सांगायचं.”

ही गोष्ट समीक्षाला फार आवडली. हा तर कार्यक्रमाचा दुसरा भाग झाला. दुसऱ्या दिवशी ती मोबाइल आणि राहिलेले पाहुणे घेऊन दगडापाशी हजर. अर्धं पोशीरही आलं. हिरामण धुतलेला सदरा घालून उभा राहिला. राख नाही, चुना नाही, नुसता हिरामण. आणि जीभ पुन्हा टाळ्याला.

“बोल रं,” धाऊ म्हणाला. “काय पायजे गुराख्याला?”

 शेठच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. तेच कदाचित हिरामणला दिसलं.

“रातचा मी घरी झोपनार,” तो म्हणाला.

“पुढं?”

“आटवड्याला येक दिस सुट्टी. खाडा नाय कापायचा.”

“आन मजुरी?”

इथे मात्र त्याचा आवाज बसला. मागून चंद्राबाईचा आला. “माजी लेक खालापूरला दिलीय. तिनं कचेरीत इचारलंय, सरकारनं रानातल्या मजुराला काय ठरवलंय ते. तेवढी द्यायची. म्हयन्याच्या पयल्या तारखेला.”

“अहो, पण घरच्या माणसाला...” शेठने सुरुवात केली.

“घरचा मानूस वाघ होऊन गेला, नरेश,” धाऊ म्हणाला. “तूच हाकललास. ह्यो नवा हाय.”

पाहुणे हसले. मोबाइल चालू होता. मोठ्या मनाच्या माणसाला मोबाइलसमोर मन लहान करता येत नाही. शेठ दगडापुढे तीनदा “दिलं” म्हणाला, शेवटचं जरा दात खाऊन.

रात्रीच्या राखणीला दुसरा माणूस मिळेपर्यंत खोपीत खुद्द शेठने झोपायचं ठरलं, कारण बिबट्या नोकरीच्या अटी पाळत नाही. पहिल्याच रात्रीनंतर शेठला डास, उंदीर आणि लेंड्यांचा वास या विषयांत एकदम गोडी निर्माण झाली. दिवाळी सरायच्या आत त्याने गवंडी आणला. खोपीच्या जागी पक्की खोली उभी राहिली, खिडकीला जाळी, वर पंखा, आत चांगली खाट. पाहुण्यांना तो ती दाखवून सांगू लागला, की कामगारांच्या सोयींबद्दल मी पहिल्यापासूनच फार आग्रही आहे.

हिरामण बोलीप्रमाणे परत आला होता. एका संध्याकाळी शेळ्या आत घालून तो कडी लावत असताना शेठने त्याला हाताला धरून खोलीत नेलं. पंखा लावून दाखवला.

“बघा काका. घरापेक्षा भारी आहे की नाही? झोपा आज इथेच.”

हिरामणने खाटेवर हात दाबून पाहिला. खिडकीची जाळी उघडून लावून पाहिली. पंख्याखाली थोडा वेळ उभाही राहिला.

“ब्येस हाय,” तो म्हणाला. “रातच्या मानसाला आवडंल.”

मग त्याने काठी उचलली आणि अंधार पडायच्या आत पोशीरची वाट धरली.