मांडीवरचं झाड

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत, ऐन मे महिन्यात, असोद्याचा एक म्हातारा केळीबागाईतदार माझ्या शेजारी बसला. मांडीवर कुंडी, आणि कुंडीत मॉन्स्टेरा, म्हणजे भोकाभोकांच्या मोठ्या पानांचं ते शोभेचं झाड. ऊन लागू नये म्हणून त्याने झाडाला ओलं उपरणं गुंडाळलं होतं. शिवाय आपण खिशात ठेवतो तसा एक कांदा देठाला बांधला होता.

"आबा, याचं तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"मांडीवरल्या लेकराले तिकीट नसते."

कंडक्टरने झाडाच्या वयाचा अंदाज घेतला आणि तो पुढे सरकला.

झाड एरंडोलला लेकीकडे निघालं होतं. तिच्याकडे कूलर होता. पाऊस लागला की ते परत येणार होतं. तोवर म्हातारा ओल्या बोटाने एकेक पान पुसत होता.

"याला फळ येतं का?" मी विचारलं.

"आमच्याकडं तरी नाही. केळीचा घड उतरला का आम्ही तिले कापतो. जलमभर तेच केलं. याले कापाले काही कारनच नाही, भाऊ."

मग त्याने मला विचारलं, कुठं निघालात. मी जरा ताठ बसून सांगितलं की कंपनीने मला यंदाचा उत्तम कर्मचारी ठरवलंय, धुळ्याला सत्कार आहे.

त्याचं बोट पानावरच थांबलं. "म्हंजे घड उतरला तुमचा," तो म्हणाला. एरंडोलला उतरताना त्याने झाडाचा कांदा सोडला आणि माझ्या खिशात घातला.