आत्याबाईंच्या हातचं दूध

नांदेडच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे उजेडापुढं धरला अन् म्हणाले, "ताई, गळ्यातल्या ग्रंथी तुमची हाडं खाऊन राहिल्यात." मला चेष्टाच वाटली. दुखतीय कंबर, अन् हा माणूस गळ्याचं काय सांगतो!

आजाराचं नाव सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम. नाव घेतानाच धाप लागते. गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला. माझ्या किडन्या आधीच गेलेल्या, डायलिसिस चालू. किडन्या गेल्या की रक्तात फॉस्फरस साचतो, डायलिसिसनंही पुरता निघत नाही. मग त्या ग्रंथी चवताळतात अन् हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतात.

डॉक्टरांनी खाणंपिणं विचारलं. हाडं दुखायला लागल्यापासून माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, घरच्या म्हशीचं दूध रोज पाजायच्या, वर डिंकाचा लाडू. पेला रिकामा होईस्तोवर समोरून हलायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, दुधात फॉस्फरस लई असतो, आधी ते बंद करा. आत्याबाई तिथंच उभ्या होत्या.

त्यांनी मुदखेडला घरी येऊन म्हैस विकली. नुसत्या दुधानं एवढं होत नसतं, हे मी लाख समजावलं. "हाव, पटलं," म्हणायच्या, पण माझ्या ताटाजवळ फिरकायच्या नाहीत. मला त्याचं हाडांपेक्षा जास्त दुखायचं.

अन्नातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवतानाच, घासासोबत घ्यायची असते. मी घेतली, पण उशीर झाला होता. एक दिवस न पडताच, नुसतं उठताना मांडीचं हाड मोडलं. रॉड टाकला. पुढं लातूरला गळ्याचं ऑपरेशन करून ग्रंथी काढल्या.

त्यानंतर ओठांना मुंग्या आल्या, बोटं वाकडी झाली. याला हंग्री बोन म्हणतात. उपाशी हाडं आता रक्तातलं सगळं कॅल्शियम ओढून घेतात. सलाईनमधून कॅल्शियम चालू केलं. डॉक्टर म्हणाले, "फॉस्फरसही खाली गेलाय. सध्या थोडं दूध चालेल."

डायलिसिस सुटलेलं नाही, वॉकरशिवाय पाऊल पडत नाही. तुमच्या घरी असं कुणी असेल तर काय पाजायचं ते आधी डॉक्टरला विचारा. पाजणाऱ्याला मात्र दूर करू नका.

डॉक्टर दूध चालेल म्हणाले त्या दिवशी आत्याबाईंनी दवाखान्यातच विकतचं दूध आणलं, पेला स्टुलावर ठेवला अन् मागं सरकल्या.

"द्या की," मी म्हटलं.

"न्हाई बाई. तुझं तू घे."

माझ्या बोटांनी पेला धरवत नव्हता. मी तशीच तोंड उघडून बसले. शेवटी त्यांनी पेला उचलून माझ्या ओठाला लावला. अन् घोटाघोटाला नर्सकडं बघून राहिल्या.