गुरुनाथला डबा सापडू देण्याचा शुक्रवार

गुरुनाथ आंबेतकर चिडका होता आणि ते त्यालाही ठाऊक होतं. रियाधच्या एका खासगी कंपनीत नेटवर्क सांभाळता सांभाळता त्याचे केस पिकले. शुक्रवार मात्र त्याचा स्वतःचा. थंडीच्या दिवसांत बायकोला, म्हणजे सुनेत्राला, आणि ओळखीच्या दोन-तीन घरांना घेऊन तो शहराबाहेरच्या वाळवंटी पार्कात जिओकॅशिंगला जायचा. कुणा अनोळखी माणसाने डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकलेले असत. फोनने जवळपास नेऊन सोडलं की पुढे डोळ्यांनीच शोधायचं, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा.

या खेळात त्याची खरी खुन्नस मुस्तफाशी. श्रीवर्धनचा मुस्तफा एका गोदामाचं काम पाहायचा. डबा आधी कुणी पाहिला यावरून दोघं परतीच्या वाटेवर भांडत आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा एकत्र निघत.

त्या हिवाळ्यात सौदायझेशनची, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमण्याची, पाळी गुरुनाथच्या खात्यावर आली. साहेबांनी सांगितलं, काम नव्या सौदी मुलाला शिकव, तुझं काँट्रॅक्ट पुढे वाढणार नाही. खलास. घरी येऊन त्याने सुनेत्राला बजावलं, "कुणाजवळ बोलायचं नाही. मला कुणाचं अरेरे नकोय."

पुढच्या शुक्रवारी ते पार्कात गेले. पहिल्या डब्याशी, एका बाभळीखाली, मुस्तफा बुटाची नाडी बांधत बसला तो उठेचना. डबा गुरुनाथला मिळाला. दुसऱ्या ठिकाणी दगडांच्या ढिगातून डब्याचा हिरवा कोपरा सरळ दिसत होता. बँकेत नोकरी करणारा तरुण सुमीत त्याच ढिगाकडे बघत म्हणाला, "छे, इथे काही नाही. दादा, तुम्हीच बघा."

तोही डबा गुरुनाथलाच मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यापूर्वी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तिसऱ्या डब्याच्या जागी सुमीतची मुलगी शिवांगी एका कपारीसमोर उभी होती, हात मागे बांधून.

"काय गं, शोधत नाहीस?"

"अंकल, हमें ढूँढना नहीं है," ती म्हणाली. "पप्पा बोले, आज सब आपको मिलना चाहिए. यू आर गोइंग बॅक, ना?"

गुरुनाथचं डोकं तडकलं. "मुस्तफा!" तो ओरडला. "भीक घालतोस होय मला?"

मुस्तफाने मान खाली घातली. "तसं नाय रे. वाटलं, तुला जरा बरं वाटेल."

"नाही वाटत! तिकडे ऑफिसात त्या पोराला शिकवताना सगळे माझ्याशी असेच हळू आवाजात बोलतात. इथे तरी नीट भांड ना माझ्याशी."

सुमीत काहीतरी समजावायला पुढे आला, त्याला गुरुनाथने हातानेच थांबवलं आणि तो तरातरा शेवटच्या डब्याच्या टेकाडाकडे चालू लागला. बाकीचे मागून गेले. वर ऊन लागायला लागलं होतं. गुरुनाथने एकेक दगड उलटला, बोटं खरचटली, डबा मिळेना. मुस्तफा मात्र यावेळी थांबला नाही. पलीकडच्या बाजूला पोटावर पालथा पडून त्याने फटीत हात घातला आणि डबा बाहेर काढला.

"यल्ला, मिळाला!"

"तिथे मी आधीच बघितलं होतं," गुरुनाथ फणकारला.

"बघितलंस तर दिसला कसा नाय?"

गुरुनाथ खरोखरच चिडला होता. आपणच शोधायला हवा होता तो.

परतताना गाडीत तो सुनेत्रावर घसरला. "तुला एवढं सांगून ठेवलं होतं."

"सफूराला सांगितलं मी," ती म्हणाली. सफूरा म्हणजे मुस्तफाची बायको. "तुम्ही कुणाशी बोलू दिलं नाहीत. घर मोडून मलाही जायचंय ना? माझ्याही मैत्रिणी आहेत इथे. मी एकटीने किती दिवस पोटात ठेवायचं?"

हे गुरुनाथच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवून त्याने दोन कडक चहा आणले. तिने एक घेतला.

मार्चमध्ये पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, कायमचं देश सोडण्याचा, शिक्का बसला आणि ती दोघं पुण्याला परतली.