पुलावर लोक दोन्हीकडे जातात

नर्सच्या नोकरीसाठी मी पुण्याला निघाले, तेव्हा आई धानोऱ्याच्या बसस्टँडवर आली होती. बस हलेपर्यंत खिडकीची सळई धरून उभी होती. एवढंच म्हणाली, "पोचली का फोन कर."

त्याला नऊ वर्षं झाली. माझ्यामागून आपल्या गावाकडच्या तुम्ही कितीतरी पोरी इकडे आलात. प्रत्येकीला मी फोनवर पुणे स्टेशन समजावलं. गर्दी ओसरू द्या, जिना चढा, पुलावरून एक नंबरच्या फलाटावर उतरा, मेन गेटमधून बाहेर या, रिक्षावाल्यांच्या मागे जाऊ नका. सगळ्या नीट पोचलात. मला वाटायचं, या स्टेशनातून मी कुणालाही बाहेर आणू शकते.

गेल्या वर्षी मला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केली होती. आई माझ्याकडे यायला निघाली. भावाने स्वतःचा फोन देऊन, मला लावायचं बटण दाखवून तिला बल्लारशाहला गाडीत बसवलं, माझा नंबर कागदावर लिहून तिच्या पदराला बांधला. माझा नवरा ड्यूटीवरून थेट मेन गेटवर जाणार होता. आईला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी सोपं करून सांगितलं, "जिना चढ अन् लोक जातील तिकडे जा."

संध्याकाळी तिचा फोन आला. "बाई, पुलावर लोक इकडेबी जाऊन राह्यले अन् तिकडेबी. मी कुठी जाऊ?"

"आई, तिथंच थांब," मी ओरडले. तेवढ्यात फोन बंद पडला.

मी छताकडे बघत पडून राहिले. उठले तर बाळ, न उठले तर आई. नवरा फलाट पालथे घालत होता, चौकीवर सांगून आला, माईकवरून तिचं नाव पुकारून झालं. इकडची मराठी तिला समजते, पण त्या गोंगाटात आपलं नाव कोणी घेईल हे तिच्या मनातही आलं नसेल.

तीन तासांनी अनोळखी नंबरवरून एक बाई बोलली. "तुमची आई आमच्यासंगं हाये, नागपूरच्या गाडीत. फलाटावर रडत होती. आपल्याकडची बोली ऐकली अन् आमच्या मागंच चढली."

मग आई बोलली. "मले बाहेरचा रस्ता नाई सापडला माय. घरचा सापडला."

उतरलीस की तिथेच बसून राहा, एवढं साधं मी आधी सांगितलं नव्हतं. नागपूरला भाऊ तिला घ्यायला गेला. ती पुन्हा पुण्याला निघाली नाही, मीही आग्रह केला नाही. बाळंतपण इथल्या शेजारणींनी केलं.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. मला सुट्टी नाही, आईला धीर नाही. गावात रेंज आली की भाऊ व्हिडिओ कॉल लावून देतो आणि कामाला निघून जातो. आई फोन उलटा धरते. मला अंगण दिसतं, वाळत घातलेली मोहफुलं दिसतात, चुलीचा धूर दिसतो. मुलीला मी तेच दाखवते, हे आपलं घर म्हणून.

"दिसून राह्यली का मी?" आई विचारते.

"दिसून राह्यली," मी सांगते.